रेल्स ७ (रूबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) मध्ये डिलीटची लिंक चालत नाहीये?
जुन्या कोडमधलं मेथड डिलीट असं लिहिलेलं लिंक_टू (लिंक बनवणारा हेल्पर) रेल्स ७ मध्ये क्लिक केलं की साधी गेट (फक्त पान मागणारी) रिक्वेस्टच जाते आणि डिलीट न होता शो पेज (त्या नोंदीचं पान) उघडतं, कारण ते काम आधी रेल्स-यूजेएस ही जावास्क्रिप्ट लायब्ररी करायची आणि आता डिफॉल्टला तिच्या जागी टर्बो असतो. लिंकच हवी असेल तर डेटामध्ये टर्बो_मेथड डिलीट द्या, खात्री विचारायला टर्बो_कन्फर्म. पण खरं सांगू का, सरळ बटन_टू वापरा, तो खराखुरा फॉर्म बनवतो, सीएसआरएफ टोकन (खोट्या रिक्वेस्ट रोखणारा कोड) आपोआप येतं, जावास्क्रिप्ट बंद असली तरी चालतं, आणि लिंकसारखं दिसायला हवं तर थोडं सीएसएस लावलं की झालं. हां, आणि कंट्रोलरमध्ये रीडायरेक्ट करताना स्टेटस सी_अदर म्हणजे ३०३ नक्की द्या, नाहीतर ३०२ (नेहमीचा रीडायरेक्ट) वर ब्राउझर पुढच्या पत्त्यावरही डिलीटच पाठवू शकतो.