मुंबईजवळ गोड्या पाण्यात गळ टाकायचाय? आधी पाणी कुणाचं ते विचारा

मुंबईचा नकाशा उघडला की उत्तरेला निळे तुकडे दिसतात: पवई, विहार, तुळशी आणि पुढे शहापूरकडे तानसा, भातसा, मोडकसागर. रॉड घेऊन मुंबईला आलेल्या माणसाचं बोट साहजिकच त्यांच्यावर फिरतं. पण पवई सोडली तर या बाकीच्या पाण्यावर मुंबईची तहान भागते आणि तिथं पाहुण्यानं गळ टाकायचा नसतो. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत, तानसा अभयारण्यात. तिथं सापडलात तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागतो आणि रॉड-रीळासकट सगळं सामान जप्त होऊ शकतं. बदलापूरजवळचं बारवी एमआयडीसीचं आणि मोरबे नवी मुंबई महापालिकेचं. दोन्ही पाणीपुरवठ्याची धरणं आहेत, तेव्हा तिथंही लेखी परवानगी नसेल तर काठावर उतरूच नका.

म्हणून पहिलं काम चाऱ्याचं नाही, चौकशीचं. धरणाला किंवा तलावाला बहुधा दोन मालक असतात. एक जमिनीचा आणि पाण्याचा: जलसंपदा विभाग, महापालिका, एमआयडीसी किंवा वनखातं. दुसरा माशांचा. मत्स्यव्यवसाय विभाग जलाशय ठेक्यानं देतो, बहुतेक ठिकाणी गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेला. ती संस्था पैसे मोजून मत्स्यबीज आणते, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडते आणि पुढं महिनोन्‌महिने राखण करते. तुमच्या गळाला लागलेला दोन किलोचा रोहू हे त्यांचं उभं पीक असतं. गावातली पोरं पाहुण्याला हटकतात ती याचसाठी, आणि त्यांचं बरोबरच असतं.

विचारायचं असं. जिल्ह्याच्या ठिकाणी सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचं कार्यालय असतं. तिथं जलाशयाचं आणि तालुक्याचं नाव सांगून तो सध्या कुणाकडे आहे आणि हौशी गळाला परवानगी आहे का, एवढंच विचारा. ठेका संस्थेकडे असेल तर गावात जाऊन चेअरमन किंवा सेक्रेटरीला भेटा. काठावर भेटलेल्या कुणाच्या हातात पैसे देऊ नका. पावती घ्या आणि तिच्यावर तारीख, जागा आणि किती गळ हे लिहून घ्या. जागा लिहिलेली नसली की संध्याकाळी दुसरा माणूस येऊन दुसरी पावती मागतो आणि मग वादाला तोंड फुटतं. भंडारदऱ्यासारखं लांबचं पाणी असेल तर जिल्हा बदलतो, शिवाय आजूबाजूला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, त्यामुळे वनखात्याच्या चौकीवरही विचारावं लागतं.

पवई

शहरात राहून गळ टाकायला ही एकच खरी जागा. महापालिकेच्या नोंदीप्रमाणे तलाव १८९० चा. भरल्यावर पाण्याचा पसारा सुमारे २२३ हेक्टर आणि साठा ५४५ कोटी लिटर. पाणी पिण्यालायक नाही, ते उद्योगांना आणि आरे कॉलनीला दिलं जातं. काठावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गळवाल्यांची जुनी संस्था आहे. पाहुण्यानं तिच्यामार्फतच जावं. पाहुण्यांचा परवाना त्या दिवशी मिळतो का, किती रॉड चालतात, कोणती जागा मिळेल, चारा टाकलेला चालतो का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. पवईच्या रस्त्याकडच्या कट्ट्यावरून गळ टाकू नका. मागून माणसं चालत असतात आणि रॉड मागे नेताना गळ कुणाच्या तरी डोळ्याशी जातो.

पवईत मगरी आहेत. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही, बसायची पद्धत त्यावरून ठरते म्हणून सांगतो. पाण्यापासून दोन-तीन मीटर मागे बसा आणि रॉड दहा-बारा फुटी घ्या, म्हणजे पुढं सरकावं लागत नाही. काठावर उकिडवं बसून हात धुणं, पाण्यात पाय सोडणं, पकडलेला मासा जाळीच्या पिशवीत काठाला टांगून ठेवणं, हे तिन्ही बंद. धडपडणारा मासा म्हणजे मगरीला आवतण. थंडीत सकाळी मगरी काठावर उन्हाला पडतात, तेव्हा ती बाजूच सोडून द्या. अंधार पडायच्या आधी सामान आवरलेलं असावं.

दुसरी अडचण जलपर्णीची. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की तिचे तरंगते गालिचे पूर्वेच्या काठाला जाऊन लागतात, म्हणून सकाळी मोकळी दिसलेली जागा दोन वाजता बंद झालेली असते. परवाना दिवसभराचा असेल तर जागा निवडताना वाऱ्याचा विचार आधी करा. मासा मुळांत शिरला तर ओढाताण करू नका. दोरी ढिली सोडून दोन मिनिटं थांबा, पुष्कळदा तो आला त्याच वाटेनं बाहेर येतो. गणेशघाटाच्या आसपास पाण्याखाली विसर्जनाचे अवशेष, तारा आणि लाकडं असतात. तिथं गळ अडकून तुटतोच. विसर्जनाच्या दिवसांत तिकडे फिरकूच नका.

तंगूस, गळ आणि कणीक

रोहू-मृगळासाठी ०.३० मिमीचा तंगूस (नायलॉनची दोरी) आणि ८ नंबरचा गळ पुरतो. कटल्यासाठी ०.३५ मिमी आणि ४ नंबर. (नंबर वाढला की गळ लहान होतो, नवख्यांचा इथं हमखास घोळ होतो.) गाठ आवळण्याआधी ती थुंकीनं ओली करा. कोरडा तंगूस घासून तापतो, गाठीपाशी कमजोर होतो आणि मोठा मासा लागला की नेमका तिथंच तुटतो. रीळाचा ब्रेक अंदाजानं लावू नका. दोरीचं टोक लटकत्या वजनकाट्याला बांधून रॉड वाकवा. काटा दीड-दोन किलोवर आला की रीळातून दोरी सुटायला लागली पाहिजे.

खोली मोजल्याशिवाय तरंगा बांधण्यात अर्थ नाही. गळाला जड शिसं अडकवून जागेवर सोडा. तरंगा बुडाला तर खालची दोरी कमी पडतेय, आडवा पडला तर जास्त झालीय. तळ सापडला की मासा बघून ठरवा. मृगळ तळाशी चरतो, तेव्हा चारा तळाला टेकलेला हवा. रोहू मधल्या पाण्यात असतो. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो, म्हणून त्याच्यासाठी तरंग्याखाली तीन-चार फूटच दोरी ठेवा. तरंगा एकसारखा नाचत राहिला तर खाली चिलापी (तिलापिया मासा) टोचतेय. रोहू आधी हलकं थरथरवतो आणि मग तरंगा तिरका घेऊन जातो. तिरका निघाला की मनगटानं उचला. खांद्यापासून झटका दिला तर ओठ फाटतो.

चाऱ्याची कणीक अशी करा: दोन वाट्या गव्हाचं पीठ, एक वाटी भाजलेलं बेसन, अर्धी वाटी शेंगदाण्याची पेंड चाळून आणि सुपारीएवढा गूळ पाण्यात विरघळवून. पाणी एकदम ओतू नका. पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट झाली की ओल्या फडक्याखाली पंधरा मिनिटं ठेवा. मग बोराएवढी गोळी गळावर दाबून तांब्याभर पाण्यात सोडा. दहा मिनिटं ती गळावर टिकली पाहिजे, पण तिच्या अंगावरून धूर निघाल्यासारखं पीठ सुटत राहिलं पाहिजे. लगेच गळून पडली तर पीठ वाढवा. रबरासारखी चिवट राहिली तर मळणं जास्त झालंय, पेंड वाढवा. चिवट गोळीत मासा तोंड लावतो, पण गळ गोळीतून बाहेर येत नाही आणि दिवसभर नुसते झटके बसत राहतात. कणीक उन्हात उघडी ठेवली की तासाभरात आंबते, म्हणून अर्धीच डब्यातून बाहेर काढा.

चारा टाकायची परवानगी असेल तर एक किलो तांदळाचा कोंडा आणि पाव किलो पेंड ओलसर कालवून संत्र्याएवढे तीन गोळे सुरुवातीला टाका आणि मग अर्ध्या तासानं एकेक. जास्त टाकला तर मासे पोट भरून निघून जातात आणि उरलेला तळाशी कुजतो.

मार्च ते मे पहाटेचे दोन तास चांगले, पण आदल्या दिवशी ढग दाटलेले असतील तर पाण्याकडे नीट बघा. मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसले तर पाण्यातला प्राणवायू उतरलाय. ते चारा खात नाहीत, आणि त्या वेळी लागलेला मासा सोडल्यावर वाचणं अवघड. ऊन वर येईपर्यंत गळ बाहेरच असू द्या.

पाऊस नसताना वाढणारं पाणी

कर्जत, खोपोली, कोलाडकडच्या नद्यांवर गळ टाकणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी टाटांच्या तीन जुन्या वीजघरांतून खाली येतं: खोपोली (१९१५) पाताळगंगेत, भिवपुरी (१९२२) पेजेमार्गे उल्हासात, भिरा (१९२७) कुंडलिकेत. या नद्या उन्हाळ्यातही वाहतात त्या यामुळेच आणि मासे टिकतात तेही यामुळेच. पण वीज लागेल तसं पाणी सुटतं. डोक्यावर कडक ऊन असताना पायाखालचा खडक बुडायला लागतो. कोलाडचं राफ्टिंग सकाळी भिऱ्याहून सुटणाऱ्या पाण्यावरच चालतं.

नदीच्या मधल्या खडकावर बसू नका, मासा तिथं कितीही दिसला तरी. बसल्याबसल्या पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि दर दहा मिनिटांनी तिच्याकडे बघा. चार बोटं पाणी चढलं, किंवा पाला-काटक्या वाहत यायला लागल्या, किंवा पाण्याचा आवाज बदलला, की रॉड गुंडाळत बसू नका. आधी काठावर चढा. त्या दिवशी पाणी कधी सुटणार हे गावातल्या माणसाला आणि राफ्टिंगवाल्यांना ठाऊक असतं, म्हणून उतरण्याआधी विचारा. या नद्यांत शिंगाळा, मरळ, वाम मिळतात. मरळ काठच्या गवतात दबा धरून असते. अंडी-पिल्लांच्या दिवसांत लालसर पिल्लांचा थवा वर दिसला तर खाली आई-बाप राखणीला असतात आणि ते काहीही दिसलं तरी झडप घालतात. तिथं गळ टाकणं सोपं आहे, पण टाकू नका. राखणदार गेला की अख्खा थवा चिलापीच्या आणि पक्ष्यांच्या पोटात जातो. महासीर लागला तर तो सोडायचाच. लोणावळ्याच्या वळवण धरणावर अनेक वर्षं महासीराची पैदास करून पिल्लं पाण्यात सोडली जात आहेत, ती गळवाल्याच्या पिशवीसाठी नव्हेत.

वलगण

जूनच्या पहिल्या पावसात अंड्यांवर आलेले मासे ओढ्यांतून शेतांकडे चढतात. ठाणे-पालघर-रायगडात याला वलगण म्हणतात. पाग (फेकायचं जाळं) घेऊन आदिवासी आणि शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हे मासे धरत आले आहेत, तो त्यांचा वर्षाचा घास आहे. पाहुण्यानं त्यात हात घालू नये. समुद्रातली १ जून ते ३१ जुलैची यांत्रिक मासेमारीबंदी ओढ्या-तलावांना लागू नसते हे खरं, पण त्याचा अर्थ मोकळीक असा नाही. पावसाळ्यात धबधबे आणि धरणांच्या परिसरावर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, तेव्हा घरून निघण्याआधी ते बघा. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणं तर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. असं कुणी करताना दिसलं तर स्वतः भांडायला जाऊ नका, जागा आणि वेळ टिपून पोलिसांना कळवा.

पावसाळ्यात पायाला चीर असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. गमबूट घाला. उतरावंच लागलं तर लेप्टोच्या (साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) गोळ्यांसाठी चोवीस ते बहात्तर तासांच्या आत डॉक्टरकडे जा, ताप यायची वाट बघू नका.

मासा हातात आल्यावर

गळाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीनं आधीच दाबून टाका. मासा थोडा निसटतो, पण सोडताना जबडा फाटत नाही. हात ओले करूनच मासा धरा. कोरड्या हातानं किंवा फडक्यानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथं बुरशी धरते. शेपटीपाशी आणि पोटाखाली आडवा धरा. कल्ल्यात बोट घालून उभा लटकवू नका. फोटो अर्ध्या मिनिटात आटपा. गळ घशात खोल गेला असेल तर उकरू नका, तंगूस तोंडाशी कापा आणि सोडा. पवईतला मासा खायला नेऊ नका, तलावात सांडपाणी येतं. पाताळगंगेच्या खालच्या, कारखान्यांच्या पट्ट्यातलंही तसंच. आफ्रिकन मागूर आणि काटेरी, चिलखती अंगाचा सकर मासा लागला तर तो पुन्हा पाण्यात सोडू नका, आणि एका तलावातला कुठलाही जिवंत मासा दुसऱ्या तलावात नेऊ नका.

तुटलेला तंगूस खिशात घाला. काठच्या झुडपात राहिलेल्या हातभर दोरीत पाणकावळा पाय अडकून उपाशी मरतो. कासव लागलं तर तंगूस शक्य तितका तोंडाजवळ कापून लगेच सोडा आणि वनखात्याला कळवा.

जाताना लोकल घेणार असाल तर पवईसाठी मध्य रेल्वेवर कांजूरमार्गला उतरून रिक्षा करा. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर गर्दीत रॉड घेऊन चढू नका. गळ रॉडला लावलेला नको, डब्यात हवा. आणि रॉड फलाटावर कधीच जोडू किंवा उघडू नका. वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात, कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते आणि जवळ गेल्यावर तारेला टेकायचीही गरज पडत नाही. शेतावरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली गळ फेकतानाही हेच.