‘मेक’च्या पुढे काय येतं?

‘मी चूक केली’ याचं इंग्रजी करताना अनेक जण ‘आय डिड अ मिस्टेक’ म्हणून मोकळे होतात. अर्थ पोचतो, पण ऐकणाऱ्याला खटकतं. ‘मिस्टेक’ला ‘डू’ चालत नाही, ‘मेक’च लागतं. या घोटाळ्याचं मूळ आपल्या ‘करणे’मध्ये आहे. मराठीत आपण यादी करतो, अभ्यास करतो, चूक करतो, फोन करतो, उशीर करतो, गुन्हाही करतो. एकच क्रियापद सगळं ओढून नेतं. इंग्रजीत हेच काम ‘मेक’, ‘डू’, ‘टेक’, ‘हॅव’, ‘पे’, ‘कमिट’ अशा अनेकांत वाटलेलं आहे. त्यामुळे ‘मेक म्हणजे बनवणे’ एवढं पाठ करून भागत नाही. ‘मेक’च्या पुढे कोणते शब्द येतात, कोणत्या क्रमाने येतात आणि मध्ये ‘टू’ लागतो की नाही, हे सगळं मिळून ते क्रियापद शिकावं लागतं.

नामाशी जोडी

पहिली कसोटी सोपी आहे. काम संपल्यावर आधी नसलेलं काही उरतं का ते बघा. उरत असेल तर बहुतेक वेळा ‘मेक’ लागतं. यादी उरते, म्हणून ‘मेक अ लिस्ट’. निर्णय, वचन, आवाज, चूक या गोष्टीही केल्यावर अस्तित्वात येतात, म्हणून ‘मेक अ डिसिजन’, ‘मेक अ प्रॉमिस’, ‘मेक अ नॉइज’, ‘मेक अ मिस्टेक’. याउलट, ठरलेलं काम उरकायचं असेल तर ‘डू’: ‘डू द डिशेस’, ‘डू द लाँड्री’, ‘डू युअर होमवर्क’, ‘डू एक्सरसाइज’. भांडी घासल्यावर नवीन भांडं तयार होत नाही, होतं ते भांडं फक्त स्वच्छ होतं.

ही कसोटी सगळीकडे पुरत नाही. नुकसान करण्याला ‘डू डॅमेज’ म्हणतात, उपकार करण्याला ‘डू अ फेव्हर’. तर्काने पाहिलं तर दोन्ही ‘मेक’कडे जायला हवे होते. अशा जोड्या जशाच्या तशा लक्षात ठेवायच्या. शब्दांच्या या सोबतीला भाषाशास्त्रात ‘कोलोकेशन’ म्हणतात. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, हा विचार ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली मांडला होता. ‘मेक’च्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरतो.

जोडीतले बारकावेही जोडीबरोबरच शिकावेत. ‘मेक प्रोग्रेस’मध्ये ‘अ’ येत नाही, कारण ‘प्रोग्रेस’ मोजता येत नाही. ‘मेक सेन्स’मध्येही येत नाही. ‘मेक अ‍ॅन एफर्ट’मध्ये मात्र येतो. मैत्री करणे म्हणजे ‘मेक फ्रेंड्स विथ समवन’. इथे मैत्री एकाशीच झाली तरी ‘फ्रेंड्स’ अनेकवचनीच राहतं. थट्टा करणे म्हणजे ‘मेक फन ऑफ’, आणि त्यातल्या ‘ऑफ’च्या जागी ‘विथ’ किंवा ‘टू’ बसत नाही.

काही नामांना ‘मेक’ अजिबात लागत नाही. फोटो काढणे म्हणजे ‘टेक अ फोटो’, प्रश्न विचारणे ‘आस्क अ क्वेश्चन’, लक्ष देणे ‘पे अटेन्शन’, गुन्हा करणे ‘कमिट अ क्राइम’. परीक्षेच्या बाबतीत विशेष जपायला हवं. आपण परीक्षा ‘देतो’ म्हणून तोंडात ‘गिव्ह’ येतं, पण प्रमाण इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो आणि शिक्षक ती ‘गिव्ह’ करतात. निर्णयासाठी ब्रिटिश इंग्रजीत ‘टेक अ डिसिजन’ही म्हणतात, पण ‘मेक अ डिसिजन’ सगळीकडे चालतं, तेव्हा तेच धरून ठेवावं.

एक चूक जाणकारांकडूनही होते. क्रियापद आणि नाम शेजारी असताना ‘मेक अ मिस्टेक’ बरोबर जमतं. वाक्य उलटलं आणि नाम आधी आलं की हात सुटतो: ‘द मिस्टेक्स आय डिड’. नाम आधी येवो की नंतर, त्याचा जोडीदार बदलत नाही. म्हणून ‘द मिस्टेक्स आय मेड’, ‘द प्रॉमिस शी मेड’, ‘द प्रोग्रेस वी हॅव मेड’. लिहून झाल्यावर असं प्रत्येक नाम धरून मागे-पुढे त्याचं क्रियापद शोधा आणि दोघांना शेजारी ठेवून वाचा. चूक असेल तर लगेच ऐकू येते.

करायला लावणे

‘मेक’चा सर्वांत कामाचा उपयोग हा आहे आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मराठीत प्रयोजक क्रियापदं आहेत: हसणे–हसवणे, रडणे–रडवणे. जिथे असं एक रूप नसतं तिथे आपण ‘करायला लावणे’ किंवा ‘भाग पाडणे’ वापरतो. इंग्रजीत या सगळ्यांसाठी एकच साचा आहे: ‘मेक’, मग माणूस, मग क्रियापदाचं मूळ रूप. ‘शी मेड मी लाफ.’ ‘दे मेड अस वेट.’

इथे तीन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे मध्ये ‘टू’ घुसतो. ‘थांबायला लावलं’मधला ‘-ला’ आपल्याला ‘टू’सारखा वाटतो आणि ‘दे मेड अस टू वेट’ असं वाक्य तयार होतं. ते चूक आहे. दुसरी, काळ दोन्ही क्रियापदांना लागतो: ‘ही मेड हिम वेंट’ किंवा ‘ही मेक्स हिम गोज’. मराठीकडे बघा. ‘जायला लावतो, जायला लावलं, जायला लावेल’ यात ‘जायला’ हलत नाही, फक्त ‘लावणे’ बदलतं. इंग्रजीतही तसंच आहे. काळ ‘मेक’ने सांभाळायचा, पुढचं क्रियापद स्थिर: ‘मेक्स हिम गो’, ‘मेड हिम गो’, ‘विल मेक हिम गो’. तिसरी, ‘-इंग’ लावणे. ‘इट मेड मी क्राइंग’ नाही, ‘इट मेड मी क्राय’.

आता अपवाद, आणि तो नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. कर्मणी प्रयोगात तोच ‘टू’ परत येतो. ‘वी वेअर मेड टू वेट.’ इथे ‘टू’ गाळला तर चूक. थोडक्यात, ‘मेड’ आणि पुढचं क्रियापद यांच्या मध्ये माणूस उभा असेल तर ‘टू’ बाहेर. माणूस उठून वाक्याच्या सुरुवातीला गेला, तर रिकाम्या जागी ‘टू’ येऊन बसतो.

अर्थाच्या छटेकडेही लक्ष हवं. हसणं, रडणं, विचार करणं यांच्याबरोबर ‘मेक’मध्ये जबरदस्ती नसते. पण एक माणूस दुसऱ्याला एखादं काम ‘मेक’ करतो, तेव्हा त्यात सक्ती येते. ‘माय फ्रेंड मेड मी रीड द बुक’ असं म्हटलं तर मित्र मागे लागून राहिला, पर्याय ठेवला नाही, असा सूर लागतो. गोडीगुलाबीने वाचायला लावलं असेल तर ‘गॉट मी टू रीड’ बरं, आणि ‘गेट’ला मात्र ‘टू’ लागतो. नुसतं करू देणे म्हणजे ‘लेट’: ‘शी लेट मी गो’. इथेही ‘टू’ नाही. पण कर्मणी करताना ‘लेट’ सोडून ‘आय वॉज अलाउड टू गो’ म्हणतात. ‘फोर्स’, ‘आस्क’, ‘अलाउ’ या तिघांना ‘टू’ कायम लागतो.

‘मला थांबवलं’ या वाक्यापाशी जरा थांबायला हवं, कारण मराठीत त्याचे दोन अर्थ होतात. अडवलं असेल तर ‘दे स्टॉप्ड मी’. ताटकळत ठेवलं असेल तर ‘दे मेड मी वेट’. आधी आपला अर्थ ठरवा, मग इंग्रजीकडे जा.

‘मुळे’ दिसलं की

निर्जीव गोष्ट कर्ता करणं मराठीला फारसं आवडत नाही. आपण म्हणतो, ‘पावसामुळे आम्हाला उशीर झाला.’ याचं ‘बिकॉज ऑफ द रेन वी वेअर लेट’ हे भाषांतर चूक नाही, पण इंग्रजीत सहज येणारं वाक्य आहे ‘द रेन मेड अस लेट’. हा साचा असा: ‘मेक’, मग कर्म, मग विशेषण. ‘मुळे’ लागलेला शब्द उचलून कर्ता करायचा आणि झालेला परिणाम विशेषण म्हणून शेवटी ठेवायचा. ‘त्या बातमीमुळे ती अस्वस्थ झाली’ याचं होतं ‘द न्यूज मेड हर अनईझी’. शेवटी विशेषणच हवं, क्रियाविशेषण नको. ‘मेड मी हॅपी’ बरोबर, ‘मेड मी हॅपिली’ चूक.

या साच्यात एक छोटा शब्द सारखा गळतो, तो म्हणजे ‘इट’. ‘धिस मेक्स ईझी टू लर्न’ हे वाक्य लंगडं आहे, कारण ‘मेक्स’ आणि ‘ईझी’ यांच्यामधली कर्माची जागा रिकामी आहे. खरं कर्म म्हणजे ‘टू लर्न’, पण ते लांब असल्यामुळे शेवटी गेलं. त्याची जागा धरून ठेवायला ‘इट’ बसवायचा: ‘धिस मेक्स इट ईझी टू लर्न’. ‘मेक इट क्लिअर दॅट’, ‘मेक इट पॉसिबल टू’, ‘मेक इट डिफिकल्ट टू’ यांतही हाच ‘इट’ आहे. ‘मेक शुअर दॅट’ला तो लागत नाही.

‘ऑफ’ की ‘फ्रॉम’

इथे मराठी आपल्याला मदत करते. आपण ‘लाकडाचं टेबल’ म्हणतो, पण ‘लाकडापासून कागद’ म्हणतो. टेबलात लाकूड दिसतं, कागदात दिसत नाही. इंग्रजीतही भेद तोच आहे: ‘द टेबल इज मेड ऑफ वुड’, ‘पेपर इज मेड फ्रॉम वुड’. मनात ‘चा, ची, चं’ आलं तर ‘ऑफ’, ‘पासून’ आलं तर ‘फ्रॉम’. काच वाळूपासून होते, म्हणून ‘ग्लास इज मेड फ्रॉम सँड’. अनेक घटकांपैकी एखादा ‘घालून’ केलं असेल तर ‘मेड विथ’. दुसऱ्याच कामाची वस्तू वापरून काही केलं, उदाहरणार्थ जुन्या टायरचा झोपाळा, तर ‘मेड आउट ऑफ’. दिशा उलटी असेल, म्हणजे कच्च्या मालापासून सुरुवात करायची असेल, तर ‘इंटू’: ‘द वुड इज मेड इंटू पेपर’.

कोणासाठी केलं हे सांगताना ‘फॉर’ वापरावा. ‘शी मेड अ बॉक्स फॉर मी’ किंवा सरळ ‘शी मेड मी अ बॉक्स’. ‘टू मी’ म्हणू नये.

जोडक्रियापदं

ही मोजकीच शिकावीत, पण पक्की. ‘मेक अप’ म्हणजे रचून सांगणे, आणि भांडणानंतर पुन्हा गोड होणेही. ‘मेक अप फॉर’ म्हणजे भरपाई करणे. ‘मेक आउट’ म्हणजे अंधुक दिसणारं किंवा वाईट अक्षरातलं ओळखू येणे, आणि ते बहुधा ‘कान्ट’बरोबर येतं. ‘मेक डू विथ’ म्हणजे आहे त्यात भागवणे. ‘मेक इट’ म्हणजे वेळेत पोचणे, किंवा यायला जमणे. सर्वनामाची जागा जपा: ‘मेक इट अप’, ‘मेक इट आउट’, पण ‘मेक अप फॉर इट’.

वहीत कसं लिहायचं

‘मेक = बनवणे’ असं लिहू नका. पूर्ण साचा लिहा आणि खाली एक स्वतःचं वाक्य. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशांत हे साचे दिलेलेच असतात. तिथे ‘एसबी’ म्हणजे समबडी आणि ‘एसटीएच’ म्हणजे समथिंग. ‘मेक एसबी डू एसटीएच’ असं दिसलं तर बघा, ‘टू’ नाही. एका बैठकीत एकच साचा घ्यावा आणि त्याची पाच-सहा वाक्यं करावीत. सगळे साचे एका दिवसात घेतले की ‘टू’ची सरमिसळ होते.

पुढची चार वाक्यं उत्तर झाकून करून बघा. ‘मला दोन तास उभं राहायला लावलं’: ‘आय वॉज मेड टू स्टँड फॉर टू अवर्स’. ‘या नकाशामुळे वाट शोधणं सोपं झालं’: ‘धिस मॅप मेड इट ईझी टू फाइंड द वे’. ‘त्या प्रश्नाने मला विचार करायला लावला’: ‘द क्वेश्चन मेड मी थिंक’. ‘मी केलेली चूक त्याने दुरुस्त केली’: ‘ही करेक्टेड द मिस्टेक आय मेड’. शेवटच्या वाक्यात हात ‘डिड’कडे गेला असेल, तर नाम आधी येणारी वाक्यं अजून चार दिवस लिहीत राहा.