कर्नल पॅनिक झाला की लगेच रिसेट? तपासाचं नुकसान करणाऱ्या या चुका टाळा

नवी मुंबईच्या महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात रात्रपाळी करणाऱ्या लिनक्स ॲडमिनला पहाटे येणारा फोन ठरलेला असतो. "सर्व्हर डाऊन आहे, आधी चालू करा, कारण नंतर बघू." सर्व्हर चालू होतो आणि कारण शोधायला हातात काहीच उरत नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोसळला (यालाच कर्नल पॅनिक म्हणतात) त्या क्षणाचा पुरावा रॅममध्ये असतो, रिसेट मारलं की तो पुसला जातो. डिस्कवरच्या लॉगमध्ये शेवटच्या ओळी सापडतील या भरवशावर राहू नका. पॅनिकनंतर फाइल सिस्टिमवर लिहिणं थांबलेलं असतं, त्यामुळे नेमक्या महत्त्वाच्या ओळी बहुतेकदा तिथे पोचतच नाहीत.

म्हणून आधी कन्सोलचा फोटो काढा. स्क्रीनवर काही नाही, मशीन नुसतं गोठलंय, तर आयड्रॅक किंवा आयएलओमधून (सर्व्हर दुरून हाताळायची सोय) रिसेटऐवजी एनएमआय, म्हणजे प्रोसेसरला टाळता न येणारा सिग्नल, पाठवा. त्याने कर्नल स्वतःहून पॅनिक होतो आणि डम्प, म्हणजे मेमरीची नक्कल, लिहिण्याची संधी मिळते. मात्र त्यासाठी 'अननोन एनएमआय पॅनिक' ही कर्नल सेटिंग आधीपासून १ हवी. पहाटे तीनला ती करता येत नाही.

केडम्पची सर्व्हिस हिरवी दिसते म्हणून निश्चिंत राहणं

माझ्या मते ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. केडम्प म्हणजे पॅनिकच्या वेळी डम्प घेणारी सोय. तिच्यासाठी बूट होतानाच 'क्रॅशकर्नल' पॅरामीटरने थोडी रॅम बाजूला ठेवली जाते. मुख्य कर्नल मेला की केएक्झेक ही यंत्रणा त्या राखीव जागेत दुसरा छोटा कर्नल उठवतो, आणि तो मेलेल्याची मेमरी व्हीएमकोअर नावाच्या फाइलमध्ये लिहितो. यात घोटाळा व्हायच्या जागा भरपूर. राखीव रॅम कमी पडते, छोट्या कर्नलच्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टिम) रेड कंट्रोलरचा, म्हणजे डिस्कांचा गट सांभाळणाऱ्या कार्डचा, ड्रायव्हरच नसतो, किंवा डम्प जिथे लिहायचा ती डिस्क भरलेली असते. सर्व्हिसच्या स्टेटसवरून यातलं काहीही खात्रीने कळत नाही.

खात्रीचा मार्ग एकच: मेंटेनन्स विंडो घ्या आणि सिसआरक्यूच्या (कर्नलला थेट हुकूम देण्याची सोय) 'सी' ट्रिगरने मशीन मुद्दाम क्रॅश करून बघा. हा खराखुरा क्रॅश असतो, म्हणून डेटाबेस आधी नीट बंद करा. व्हीएमकोअर पूर्ण तयार झाला, तो उघडला, मगच केडम्प चालतो म्हणा. रॅम वाढवली, कंट्रोलर बदलला, कर्नल अपग्रेड केला, की पुन्हा तपासा.

शेवटची ओळ वाचून निदान करणं

स्क्रीनवर उरतो तो शेवट. कारण असतं पहिल्या 'ऊप्स'मध्ये, म्हणजे कर्नलने नोंदवलेल्या पहिल्या गंभीर चुकीत, आणि तो वर सरकून गेलेला असतो. कर्नलची अवस्था सांगणाऱ्या 'टेन्टेड'च्या अक्षरांत 'डी' दिसला, तर त्याआधीच एक ऊप्स होऊन गेला आहे असं समजा आणि तो शोधा. 'ओ' म्हणजे कर्नलच्या मूळ सोर्सबाहेरचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा कोड) लोड झालंय, 'पी' म्हणजे प्रोप्रायटरी मॉड्यूल, 'एम' म्हणजे प्रोसेसरने मशीन चेक एररची, म्हणजे हार्डवेअरमधल्या चुकीची, तक्रार केली आहे. 'एम' दिसला तर पॅच शोधत बसण्याआधी हार्डवेअरकडे वळा. कॉल ट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची यादी) ज्या ओळींपुढे प्रश्नचिन्ह असतं, त्या स्टॅकवर सापडलेल्या पण खात्री नसलेल्या नोंदी असतात. त्यांच्यावर कुणाला आरोपी ठरवू नका.

ज्याचं नाव दिसलं तोच दोषी मानणं

एखादं मॉड्यूल दुसऱ्याच्या मेमरीत चुकीचं लिहून जातं आणि काही वेळाने ती मेमरी वापरणारं निरपराध मॉड्यूल कोसळतं. आरआयपीच्या ओळीत (क्रॅशच्या वेळी कोणता कोड चालू होता ते सांगणारी) नाव येतं ते या दुसऱ्याचं. विंडोजमध्येही निळ्या स्क्रीनवर किंवा डम्पमध्ये एनटीओएस-कर्नलचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या कर्नलचं, नाव आलं की लोक विंडोजलाच दोष देतात, खरा गुन्हेगार मात्र बरेचदा एखादा ड्रायव्हर असतो.

नाव बरोबर असलं तरी तपास तिथे संपत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. डम्पमध्ये त्यांचाच ड्रायव्हर दिसत होता. पण त्या दिवशी बदलला होता तो ड्रायव्हर नव्हे, तर तो वाचत असलेली कंटेंट फाइल. "काय बदललं?" विचारताना नुसती पॅकेजं मोजू नका, कॉन्फिगरेशन आणि डेटाही बघा.

दर वेळी क्रॅश वेगळ्याच ठिकाणी होत असेल तर रॅमवर संशय घ्या. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या लहान ऑफिसांत सर्व्हर केबिनच्या कोपऱ्यात असतो आणि सुट्टीच्या दिवशी एसी बंद असतो, तिथे तर तापमानाची नोंद आधी काढा. मेमटेस्ट हे रॅम तपासणारं टूल रात्रभर, अनेक पास होईपर्यंत चालवा. तो पास झाला म्हणजे रॅम निर्दोष, असं मात्र नाही. ईसीसी (लहान चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅम असेल तर दुरुस्त झालेल्या एररची संख्या वाढतेय का, तेही बघा.

रूट फाइल सिस्टिम माउंट होत नाही म्हणून पॅनिक आला, तर डम्पच्या मागे लागू नका. बहुधा अपडेटच्या वेळी बूट पार्टिशन भरलं आणि इनिटरॅमएफएस अर्धवट राहिला. ग्रबमधून (बूटचा मेन्यू) जुना कर्नल निवडा, जागा करा, नवा इनिटरॅमएफएस बनवा.

डम्प हाताळताना

डम्प उघडून वाचणाऱ्या 'क्रॅश' टूलला त्याच कर्नलचा डीबग माहितीसह व्हीएमलिनक्स, म्हणजे कर्नलची मूळ फाइल, लागतो. जवळपासचं व्हर्जन चालत नाही, म्हणून प्रत्येक अपग्रेडबरोबर डीबग पॅकेजही जपून ठेवा. आणि व्हेंडरने मागितला म्हणून व्हीएमकोअर तसाच पाठवू नका. त्यात त्या क्षणाची मेमरी असते: पासवर्ड, चाव्या, ग्राहकांची माहिती. मेकडम्पफाइल या टूलने यूजर प्रोसेसची पानं (मेमरीचे तुकडे) वगळा. तरी कर्नलच्या पानांत संवेदनशील काही उरू शकतं, तेव्हा फाइल एन्क्रिप्ट करा आणि सिक्युरिटी टीमची लेखी परवानगी घेऊनच बाहेर पाठवा.