तातडीच्या संरक्षण आदेशासाठी अर्ज करताना

संरक्षण आदेशासाठी अर्ज केला की तीन दिवसांत आदेश हाती पडतो, असा समज बराच आढळतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 मधील कलम 12 तसे म्हणत नाही. अर्ज मिळाल्यापासून साधारणपणे तीन दिवसांच्या आतली तारीख पहिल्या सुनावणीसाठी द्यावी, एवढेच त्यात आहे. त्यानंतर समोरच्या पक्षाला नोटीस बजावली जाते आणि त्याचे म्हणणे येते; पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगत असला तरी प्रत्यक्षात त्याहून अधिक काळ लागू शकतो. ज्या स्त्रीला आज रात्री घरी परतण्याचीच भीती वाटते, तिच्यासाठी या कायद्यातले खरे महत्त्वाचे कलम 23 आहे.

या कलमाखाली न्यायदंडाधिकारी अंतरिम (अंतिम निकालापूर्वीचा) आदेश देऊ शकतात, आणि अर्जावरून हिंसाचार झाला आहे, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे प्रथमदर्शनी दिसल्यास समोरच्या पक्षाला न ऐकताही, म्हणजे एकतर्फी, आदेश करू शकतात. त्यासाठी न्यायालयापुढे मुख्य आधार असतो तो अर्जदाराच्या विहित नमुन्यातील शपथपत्राचा. म्हणूनच मूळ अर्जापेक्षाही या शपथपत्रावर अधिक मेहनत घ्यावी, असे माझे मत आहे. लग्नापासूनचा सगळा इतिहास त्यात ओतण्याचा मोह आवरावा. सर्वांत अलीकडची घटना आधी लिहावी: तारीख, जागा, नेमके काय केले, कोणत्या शब्दांत धमकी दिली आणि त्या वेळी कोण हजर होते. नोटीस जाईपर्यंत थांबल्यास कोणता धोका आहे, हे स्वतंत्र परिच्छेदात सांगावे, कारण एकतर्फी आदेशाची गरज त्यावरूनच पटते. ‘तो मला नेहमी त्रास देतो’ या वाक्यावरून न्यायालयाला फारसे काही ठरवता येत नाही. वैद्यकीय कागद, छायाचित्रे, मोबाइलवरील संदेश किंवा पोलीस ठाण्यातील अदखलपात्र तक्रारीची प्रत असल्यास जोडावी. मात्र कागद गोळा करण्यासाठी अर्ज लांबणीवर टाकू नये.

मागणीही नेमकी हवी. हिंसाचार करण्यास, कामाच्या ठिकाणी वा मुलांच्या शाळेत येण्यास आणि कोणत्याही मार्गाने संपर्क साधण्यास मनाई कलम 18 खाली मागता येते, तर सामायिक, म्हणजे एकत्र राहत असलेल्या किंवा राहिलेल्या, घरातून बाहेर काढले जाऊ नये यासाठी कलम 19 आहे. समोरच्या व्यक्तीलाच घर सोडण्याचा आदेशही त्या कलमाखाली होऊ शकतो, पण तो स्त्रीविरुद्ध देता येत नाही, त्यामुळे सासू किंवा नणंद सामनेवाली असल्यास मागणी वेगळ्या शब्दांत मांडावी लागते.

अर्ज सध्या तात्पुरते राहत असलेल्या ठिकाणच्या न्यायालयातही चालतो. माहेरी आलेल्या स्त्रीला सासरच्या गावी हेलपाटे घालण्याची गरज नाही. या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने अर्ज तयार करण्यास मदत करणे अपेक्षित आहे. मात्र त्याचा घरगुती घटना अहवाल, म्हणजे हिंसाचाराच्या तक्रारीची विहित नमुन्यातील नोंद, आलेला नाही म्हणून आदेश अडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना वकील विनामूल्य मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आदेश झाल्यावर त्याची प्रत विनामूल्य मिळते आणि ती संबंधित पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही पाठवली जाते; तरीही ती तेथे पोहोचली का, याची स्वतः खात्री करून घ्यावी. अंतरिम संरक्षण आदेशाचा भंग हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भंगाची तक्रार करताना आदेशाची प्रत सोबत न्यावी. या गुन्ह्यात केवळ पीडित स्त्रीच्या साक्षीवरूनही न्यायालय निष्कर्ष काढू शकते, त्यामुळे साक्षीदार नाही म्हणून मागे फिरण्याचे कारण नाही.