जागेवर थरथरणारी गाडी : आधी प्लग बघा, स्क्रू नंतर

"भो, फाटकावर उभी राहिली की थरथरते. कार्बोरेटर खोल." जुनी गाडी घेऊन येणारा प्रत्येक जण हेच सांगतो. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. मी पाना बाजूला ठेवतो आणि आधी ठिणगी देणारा प्लग काढतो.

इंजिन थंड असताना प्लग काढा आणि टोक उन्हात धरून बघा. फिक्कट तपकिरी असेल तर पेट्रोल-हवेचं मिश्रण बरोबर. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरंफटक म्हणजे हवा जास्त. ओलं, तेलकट काळं निघालं तर ऑइल वर येतंय, तिथे कार्बोरेटरचा मिश्रणाचा स्क्रू फिरवून काही होत नाही.

काजळी दिसली की एअर फिल्टर काढा. आमच्याकडे चोपड्याच्या बाजूला कापसाच्या हंगामात त्यात धुळीबरोबर कापसाचे तंतू निघतात. मागे एकात तर अक्षरशः गादी भरली होती!

प्लग पांढरा असेल तर व्हॅक्यूमचे, म्हणजे इंजिनच्या ओढीला जोडलेले, रबरी पाइप तपासा. खानदेशी उन्हाळ्यात ते वाळून चिरतात. इंजिन चालू ठेवून कान लावा, बारीक 'स्स्स' ऐकू येतं. नाही आलं तर जोडांवर पाण्याचा हलका फवारा मारा, वायरी आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगांना वीज वाटणारा डबा) सांभाळून. आवाज बदलला की गळती तिथेच. पंख्यापासून हात लांब!

मिश्रणाचा स्क्रू शेवटी, तोही इंजिन गरम झाल्यावर. आधी किती फेरे आत जातो ते मोजून लिहून ठेवा आणि तितकाच परत बाहेर आणा. मग पाव-पाव फेरा फिरवा, इंजिन सर्वांत गुळगुळीत चालेल तिथे थांबा. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या, गाडीला हा स्क्रू शोधू नका, तिला बिघाड वाचणारा स्कॅनर लावा.