व्हिडिओ अडला? राउटरला हात लावण्याआधी हे बघा

नोकरी सांभाळून दूरशिक्षणाचा कोर्स करणाऱ्यांचा अभ्यास सुरू होतो रात्री, आणि हेल्पडेस्क तोवर घरी गेलेला असतो. लेक्चरच्या जागी नुसता करडा चौकोन दिसतोय, असाइनमेंट उद्या द्यायची आहे, अशा वेळी घोडं नेमकं कुठे अडलंय हे आपलं आपल्यालाच शोधता यायला हवं. बहुतेक जण आधी राउटर बंद-चालू करतात. मी ते सगळ्यात शेवटी करते. नेट खराब असेल तर व्हिडिओ सहसा सुरू होऊन अडखळतो. मुळात सुरूच होत नसेल, तर घोळ लॉगिनचा किंवा परवानगीचा असण्याची शक्यता जास्त.

कोर्सचं पान आणि त्यावरचा व्हिडिओ एकाच साइटवर असतात असं आपण धरून चालतो. तसं क्वचितच असतं. पान मूडल किंवा कॅनव्हास अशा कोर्स चालवणाऱ्या प्रणालीवर, लेक्चर पॅनॉप्टो या व्हिडिओच्या साइटवर नाहीतर यूट्यूबवर, लाइव्ह तासाचं रेकॉर्डिंग झूमच्या क्लाउडवर, आणि सरांनी सुचवलेली डॉक्युमेंटरी ग्रंथालयाने वर्गणी भरलेल्या भलत्याच साइटवर. यातल्या प्रत्येकाला तुम्ही कोण आहात ते वेगळं कळावं लागतं. हे काम पडद्यामागे कुकीज, म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, करतात, आणि एका साइटच्या पानात दुसऱ्या साइटने ठेवलेल्या कुकीज, म्हणजे थर्ड-पार्टी कुकीज, हल्ली ब्राउझरला नकोशा झाल्या आहेत. सफारीने त्या २०२० पासून सरसकट बंद केल्या, फायरफॉक्स त्या ज्या त्या साइटपुरत्या कोंडून ठेवतो, क्रोमची इन्कॉग्निटो विंडोही त्या अडवते. परिणाम असा की कोर्सच्या पानावर तुम्ही रीतसर लॉगिन केलेलं असतं, पण आतल्या चौकोनाला त्याचा पत्ताच नसतो. तो लॉगिन मागतो, तुम्ही करता, तो पुन्हा मागतो.

अशा वेळी पासवर्ड बदलत बसू नका. व्हिडिओ वेगळ्या टॅबमध्ये उघडा. चौकोनाच्या कोपऱ्यात बाणाचं बारीकसं चिन्ह असतं, बऱ्याचदा माउस वर नेल्यावरच दिसतं. ते नसेल तर व्हिडिओच्या साइटवर थेट जाऊन संस्थेच्या आयडीने लॉगिन करा, मग कोर्सच्या पानावर परत येऊन रिफ्रेश करा. तरीही नाही झालं तर दुसरा ब्राउझर. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन असेल तर तेवढ्या साइटपुरतं बंद करा.

दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे दोन आयडी. ब्राउझरमध्ये घरचं जीमेल आधीपासून उघडं असतं, आणि ड्राइव्हवरचं लेक्चर ‘तुम्हाला परवानगी नाही’ म्हणतं. परवानगी असते, पण ती संस्थेच्या आयडीला. यावर मला पटलेला एकच इलाज आहे: ब्राउझरमध्ये अभ्यासाचं स्वतंत्र प्रोफाइल करा. त्यात फक्त संस्थेचा आयडी, एक्स्टेन्शन एकही नाही, आणि रोजचे बुकमार्क. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढची निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

पडद्यावर आकडा दिसला तर तो टिपून ठेवा, त्यातून बरंच कळतं. ४०१ म्हणजे लॉगिन पोहोचलेलं नाही. ४०३ म्हणजे विनंती पोहोचली, पण आत सोडत नाहीत. तुमचं नाव त्या कोर्सच्या यादीत चढलंय का ते विचारा. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काहीच नाही, बहुधा व्हिडिओ हलवलाय आणि लिंक जुनीच राहिलीय. ५०० किंवा त्यावरचा आकडा असेल तर दोष सर्व्हरकडचा. चहा घ्या, थोड्या वेळाने बघा.

ग्रंथालयाचं प्रकरण जरा निराळं. तिथली फिल्म बघायची तर वाट ग्रंथालयाच्याच पानावरून जाते. बाहेरून गूगल करून त्या साइटवर गेलात तर ती पैसे मागेल, कारण तुमच्या संस्थेने वर्गणी भरलीय हे तिला कळायला मार्ग नसतो. पत्त्याच्या पट्टीतली लिंक कॉपी करून ठेवण्यातही अर्थ नाही, पुष्कळदा ती तेवढ्या सेशनपुरतीच असते. ‘परमालिंक’ किंवा ‘शेअर’ बटणाखालची लिंक ठेवा. आणि व्हीपीएन, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्याच ठिकाणच्या सर्व्हरवरून फिरवणारी सोय, विशेषतः ऑफिसच्या लॅपटॉपवरची, चालू असेल तर तुम्ही भलत्याच देशात बसलेले दिसू शकता. काही फिल्मचे हक्क ठरावीक देशांपुरतेच असतात.

आता नेट. हिशोब सोपा आहे: सेकंदाला १ मेगाबिट वेगाने येणारा व्हिडिओ तासाला साधारण ४५० एमबी खातो. ५ मेगाबिटचा असेल तर सव्वादोन जीबी. नुसता आवाज ६४ किलोबिटचा असेल तर तासाला जेमतेम २९ एमबी. फळ्यावरची गणितं बारीक अक्षरांत असतील तर ७२०पी लागतं. पण सर नुसतेच बोलत असतील तर त्यांचा चेहरा एचडीमध्ये बघून परीक्षेत काही मिळत नाही, ३६०पी पुरे. दर्जा ‘ऑटो’वर असला की प्लेअर नेटप्रमाणे वर-खाली करत राहतो आणि स्लाइड मधूनच धूसर होते. डळमळत्या नेटवर मी तो हाताने खालच्या पायरीवर लावून टाकते.

अजून एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. दीडपट वेगाने बघताना एकूण डेटा तेवढाच जातो, पण तो दीडपट घाईने यावा लागतो. चक्र फिरायला लागलं तर आधी वेग १ वर आणा.

सगळ्यात चांगलं म्हणजे नेट धड असतानाच उतरवून ठेवणं. मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये संस्थेने सोय दिली असेल तर साहित्य फोनवर उतरवता येतं. नेहमीची व्हिडिओ फाइल मिळाली तर ती व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये उघडा. मात्र दोन गोष्टी आधी बघा. व्हिडिओच्या मधे प्रश्न येत असतील तर ते उतरवलेल्या फाइलमध्ये येत नाहीत. आणि ‘लेक्चर पाहिलं’ याची नोंद गुणांत धरत असतील, तर ऑफलाइन पाहिलेलं धरलं जातं का ते लेखी विचारून घ्या. डाउनलोडचं बटणच दिलेलं नसेल तर कुठल्या तरी साइटवरून ओरबाडून घेऊ नका, आणि लाइव्ह तासाचं रेकॉर्डिंग टेलिग्रामच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. त्यात इतर विद्यार्थ्यांचे चेहरे आणि नावं असतात. मोकळं साहित्य हवं असेल तर एमआयटीचं ओपनकोर्सवेअर आहे. तिथले कोर्स क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे काही अटींवर मोकळेपणी वापरता येतील असे, आहेत आणि बरीच लेक्चरं थेट उतरवून घेता येतात.

ट्रान्सक्रिप्टकडे लोक उगीच दुर्लक्ष करतात. तासाभराच्या लेक्चरचा मजकूर एका फोटोपेक्षा हलका असतो, आणि हवा तो शब्द शोधून थेट त्या मिनिटाला जाता येतं. यंत्राने केलेली कॅप्शन्स मात्र पारिभाषिक शब्दांवर हमखास घसरतात, तेव्हा त्यातलं सूत्र किंवा नाव स्लाइडवरून ताडून घ्या. कॅप्शन्सच नसतील तर मागा, त्यात संकोच कसला? वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठीचे जे डब्ल्यूसीएजी निकष आहेत, त्यांच्या अगदी पहिल्या पातळीवरच रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला कॅप्शन्स हवीत असं म्हटलंय.

एवढं करूनही अडलंच तर हेल्पडेस्कला मेल. ‘व्हिडिओ चालत नाही, लवकर मदत करा’ या मेलला ‘कुठला व्हिडिओ?’ असंच उत्तर येतं, आणि त्यात एक दिवस जातो. मी असं लिहिते:

‘कोर्स कोड अमुक, आठवडा ४, लेक्चर २. काल रात्री ११.२० (माझ्या इथली वेळ). विंडोज लॅपटॉप, फायरफॉक्स. लॉगिननंतर ४०३ येतो, स्क्रीनशॉट जोडला आहे. लेक्चर १ नीट चालतं. क्रोमवर आणि फोनच्या डेटावरही हाच आकडा येतो.’

शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची. तुमच्या आयडीचा, यंत्राचा आणि नेटचा संशय त्यांनीच मिटतो, आणि मेल वाचणारा सरळ त्या एका लेक्चरची परवानगी तपासायला जातो.

कोर्सची मुदत संपण्याची तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका आणि आठवण आठवडाभर आधीची लावा. बऱ्याच ठिकाणी मुदत संपली की पानासकट व्हिडिओ बंद होतात, आणि लाइव्ह तासांची रेकॉर्डिंग त्याच्याही आधी काढून टाकलेली असू शकतात. स्लाइड, ट्रान्सक्रिप्ट आणि स्वतःच्या असाइनमेंटवरचे शेरे त्या आठवड्यातच उतरवून घ्या. शेरे सगळ्यात आधी, कारण ते दुसऱ्या कोणाकडेच मिळत नाहीत.