खो-खो सुरू करताय? मला आधी बसायला शिकवणाऱ्या सरांबद्दल

२०१६ ला आमच्याच धाराशिव जिल्ह्यातल्या सारिका काळेंच्या कॅप्टनशिपमध्ये भारताच्या मुलींच्या खो-खो टीमने साऊथ एशियन गेम्सचं गोल्ड आणलं तेव्हा मी पाचवीत होते, आणि मग मीही हट्ट करून ग्राऊंडवर गेले. आता ग्रॅज्युएशन झालंय, बीपीएडची (खेळाच्या शिक्षकाची डिग्री) तयारी चालूये, आणि सकाळी लहान पोरींना घेऊन त्याच ग्राऊंडवर असते. पोरीला खो-खोला कुठे घालायचं, क्लब कसा निवडायचा, असं नवीन पालक सारखे विचारतात म्हणून लिहितेय.

मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी पळायला मिळेल. सरांनी तीन आठवडे नुसतं बसवलं! आठ जणी ओळीत, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे, आणि चौकोन केवढा तर ३० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर. टाचा उचललेल्या, वजन पुढच्या पायावर. सर मागून यायचे आणि प्रत्येकीच्या टाचेखाली कडुनिंबाचं वाळकं पान ठेवायचे, पाच मिनिटांनी पान चुरगळलेलं दिसलं की टाच टेकली असं समजायचं. ओरडायचे नाहीत, नवीन पान ठेवायचे फक्त. मांड्या भरून यायच्या, रडू यायचं, पण पुढे खो मिळाल्यावर जो अर्धा सेकंद वाचतो ना तो तिथे तयार होतो, हे मी आज पोरींना शिकवताना रोज बघते.

मग १४ वर्षांखालच्या जिल्हा स्पर्धेत माझ्याकडून चूक झाली. शेवटचं मिनिट, मी खो मिळायच्या आधीच उठले, फाऊल, आक्रमण उलट्या दिशेला वळवावं लागलं आणि तेवढ्यात पळणारी निसटली. एका गुणाने हरलो. येताना एसटीत सर शेजारी येऊन बसले आणि एवढंच विचारलं, "आवाज ऐकून उठलीस का खो देणारीचे पाय बघून?" मी म्हटलं पाय बघून. दुसऱ्या दिवशीपासून आम्ही सगळ्या डोळे मिटून बसायला लागलो. सर कधी नुसता हात लावायचे, कधी लांबूनच खो म्हणायचे, आणि हात आणि आवाज दोन्ही एकदम आले तरच उठायचं. माझ्या एकटीची चूक पण प्रॅक्टिस सगळ्यांची, त्यामुळे मला कुणी बोट दाखवलं नाही. हे त्यांनी मुद्दाम केलं होतं हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून सांगते, क्लब निवडताना भिंतीवरच्या ट्रॉफ्या मोजू नका, दोन दिवस संध्याकाळी जाऊन उभे राहा आणि सगळ्यात कच्च्या पोरीकडे कोच किती वेळ देतात ते बघा. पहिल्या महिन्यात कडक मुरमावर सूर मारायला लावत असतील तर सरळ घरी आणा, गुडघे आयुष्यभर लागतात.

आणि सर्टिफिकेटं जपा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे पण क्रीडा खात्याकडून पडताळणी व्हावी लागते, त्यामुळे स्पर्धा कोणत्या संघटनेची आहे हे खेळायच्या आधीच विचारायचं. माझी फाईल सरांनी स्वतः लावून दिली, तालुका, जिल्हा, विभाग असे वेगळे कप्पे करून. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत वर्ल्ड कपच्या दोन्ही फायनल आपण जिंकलो, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचे, मी इकडे घरात नाचतेय आणि सरांचा फोन. अभिनंदन वगैरे काही नाही, पहिलं वाक्य, "पोलजवळच्या चौकोनातल्या मुलीच्या टाचा बघितल्यास का?"

बघितल्या होत्या सर.